उस्तादाचं पथक

उस्तादाने पहिल्या भेटीत माझ्यापुढे डावा हात केला.

मी शेतातून येऊन नुकताच ओसरीवर टेकलो होतो. दारात साठीच्या घरातला माणूस उभा. खाकी हाफपँट, गुडघ्यापर्यंत मोजे, गळ्यात स्कार्फ. मिशा पिकलेल्या. आधी त्याने कडक सलाम ठोकला आणि मग डावा हात पुढे केला. मी हाताकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून घरात गेलो. डाव्या हाताने माणूस काय काम करतो ते सांगायला नको.

तो बांबू मागायला आला होता. माझ्या शेताच्या धुऱ्यावर बांबूची तीन बेटं आहेत, ती साऱ्या गावाला माहीत आहेत. मी काही दिले नाहीत. पण मी राळेगावला बाजाराला गेलो त्या दिवशी घरच्या बाईने बारा बांबू तोडून दिले. विचारलं तर म्हणते, "पोरांसाठी मागून राह्यला होता. तुमाले कायले पाहिजे बारा बांबू? तिरडीले चार पुरतेत."

मग माझ्या बांबूचं काय केलं ते पाहायला मी शाळेच्या पटांगणावर गेलो. स्काउटच्या पोरांनी बांबूंचा मनोरा उभा केला होता. कुंपणाबाहेरून थोडा वेळ पाहिलं. मग राहवलं नाही.

"हे असं बांधतेत? याच्यावर कावळा बसला तरी पडन."

"मंग तुमी दाखवा," उस्ताद म्हणाला.

मी बैलबंडीची बाजू जशी आवळतो तशी दोरी आवळून दाखवली. उस्ताद त्या आडव्या बांबूवर चढला आणि तीनदा उड्या मारल्या. साठीचा माणूस. पोरं हसली नाहीत, म्हणजे त्यांना याची सवय असावी. खाली उतरून म्हणाला, "या गाठीचं नाव काय?"

"नाव कायचं? बंडीची गाठ."

त्याने पिशवीतून पुस्तक काढलं, पानं उलटली. पुस्तकात ती गाठ नव्हती. तेव्हा त्याने पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर चित्र काढलं, खाली 'बंडीची गाठ' असं लिहिलं आणि मला म्हणाला, "शनिवारी चारले या."

मी म्हटलं, "मी कोणाच्या हुकमानं येत नसतो."

शनिवारी मी पावणेचारलाच गेलो. पोरांनी माझी गाठ सोडून पुन्हा नीट बांधली की नाही, ते पाहायचं होतं.

त्यानंतर पाच वर्षं जात राहिलो. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, तिसरीही पुरी नाही. पथकात मला काय म्हणायचं याचा कागद उस्तादाने जिल्ह्याहून आणला होता, त्यावर 'सहाय्यक' असं काहीतरी होतं. पोरं आबाजी म्हणत, ते बरं होतं. त्याला मात्र कोणी सर म्हटलेलं चालत नसे. "सर शाळेच्या आत. मैदानात उस्ताद." आमच्याकडे गाडीदुरुस्ती करणाऱ्याला उस्ताद म्हणतात. गावाच्या फाट्यावर त्याचं सायकलचं आणि मोटरपंपाचं दुकान होतं.

पथक त्याच्याकडे आलं तेही पंपापायीच. शाळेच्या बोअरची मोटर जळाली म्हणून त्याला बोलावलं होतं. शिपाई स्कार्फने फळा पुसत होता. स्काउटचे सर बदलून गेले होते आणि पथकाचं सामान कपाटात उंदरांनी खाल्लं होतं, जे उरलं त्याची फडकी झाली होती. उस्ताद लहानपणी यवतमाळला शाळेत असताना स्काउट होता. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "मोटर उद्या पाहू. आधी हे धुऊन द्या." अकरा स्कार्फ निघाले. ते त्याने घरी नेऊन स्वतः रफू केले. मोटर तिसऱ्या दिवशी झाली.

झाली, हा शब्द तो दुकानात कधी म्हणत नसे. मोटर दुरुस्त केली की गिऱ्हाइकाबरोबर शेतात जायचा, ती विहिरीत सोडायचा आणि पाइपातून पाणी येईपर्यंत तिथेच बसायचा. लाईन नसली तरी बसायचा. एकदा माझ्याच विहिरीवर सकाळपासून साडेचारपर्यंत बसला होता.

मी म्हटलं, "उस्ताद, जा घरी. लाईन आली का पाहून घेऊ."

"भाऊ, पाणी पाह्यल्याशिवाय मी झाली म्हनत नाही."

साडेचारला लाईन आली. पाणी आलं. त्याने ओंजळीत घेऊन तोंड धुतलं, "झाली," म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली. दिवसभरात त्याची दुकानातली चार गिऱ्हाइकं परत गेली असतील. मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण त्याने लावलेली मोटर अजून चालते.

रोज सकाळी तो स्कार्फच्या टोकाला एक गाठ मारायचा. दिवसातून एक चांगलं काम केलं की ती सोडायची, असा त्यांचा नियम आहे. पोरं सोडायची शाळेत जातानाच, कुणाच्या तरी म्हशीला पाणी दाखवून. उस्तादाची गाठ कधी कधी दिवेलागणीपर्यंत तशीच असायची. त्याला सोपं काम चालत नसे. एकदा दिवसभर गाठ सुटली नाही म्हणून समोरच्या दुकानात गेला. त्या दुकानदाराशी त्याचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. त्याला लागत असलेला एक वॉशर त्याच्या हातावर ठेवला, एक शब्द न बोलता परत आला आणि गाठ सोडली. बोलणं पुढेही बंदच राहिलं.

त्याची बायको दारातून म्हणायची, "घर का नल टपकता है आठ दिन से. वो सत्कृत्य में नहीं आता क्या?"

"वो तो ड्यूटी है," हा म्हणायचा. नळ टपकतच राहायचा.

मलाही विचारायचा, "भाऊ, आज काय केलं?" मी सांगत नसे. मी कोणाचं वाईट करत नाही, मग चांगलं कशाला मोजू? त्याने विचारणं सोडलं नाही.

डाव्या हाताचं त्याने मला सांगितलं होतं. "उजवा सलामीचा. डावा दिलाजवळचा, म्हनून दोस्तीचा." मी म्हटलं, दिलाजवळ असो का पोटाजवळ, डावा तो डावा. एका पंधरा ऑगस्टला मोठे पाहुणे आले होते. त्यांनी उजवा हात पुढे केला, याने डावा. दोन्ही हात तसेच हवेत राहिले. शेवटी पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि उस्तादाने सलाम ठोकला. शाळेच्या हेडमास्तर बाई त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "आबाजी, यांना समजावा ना थोडं." मी म्हटलं, बाई, मी स्वतः त्या हातापायी आठ दिवस बोललो नव्हतो, मी काय समजावू.

बिनभांड्याचा स्वयंपाक असा एक प्रकार त्यांच्यात असतो. पुस्तकात काडीला कणीक गुंडाळून भाजायला सांगितली आहे. मी पोरांना रोडगे शिकवले. जाड कणकेचे गोळे, गवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरायचे, वर राख. वांगी त्याच आरात. जेवायला पळसाची पानं. तपासायला आलेले साहेब म्हणाले, "हे पुस्तकात नाही." उस्ताद म्हणाला, "साहेब, पुस्तक लिहिनारा इकडं आलता काय कधी?" साहेबांनी चार रोडगे खाल्ले आणि पास केलं.

आता तो इथे नसतो. डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून पोरगा वणीला घेऊन गेला. पोराचं तिथे ट्रकचं गॅरेज आहे. दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. पथक शाळेतले एक तरुण सर चालवतात, चांगलं चालवतात. मी जात नाही, गुडघे राहिले नाहीत.

पण त्या दगडांचं सांगायला पाहिजे, कारण गावात ते दहा प्रकारांनी सांगतात.

राज्य पुरस्कार म्हणून स्काउटची मोठी परीक्षा असते, दहावीला त्याचा उपयोग होतो. आमची सात पोरं त्या वर्षी बसणार होती. बाकी सगळं झालं होतं, पायी सफर तेवढी राहिली होती. पोरांनी मोठ्या माणसाशिवाय, वाटेवरच्या खुणा ओळखत शाळेपासून टेकडीवर पोचायचं. टेकडीवर उस्ताद थांबणार, पण कुठे पोचायचं ते पोरांना आधी सांगायचं नाही. पोरं पोचली की वहीवर त्याची सही, मग अर्ज वर जाणार.

खुणा दगडांच्या. मोठ्या दगडावर लहान दगड ठेवला तर सरळ जा. लहान दगड उजवीकडे ठेवला तर उजवीकडे वळा, डावीकडे ठेवला तर डावीकडे. एवढंच. माझ्या शेताच्या कोपऱ्यावर वाट फुटते. उजवी टेकडीकडे जाते, डावी डांबरी सडकेकडे. तिथली खूण मी मांडायची असं ठरलं. उस्ताद समजावून सांगायला लागला तर मी म्हटलं, "मले एकदाच सांगत जा."

शनिवारी दिवस मावळायच्या आधी मी दगड मांडले. मोठा एक, उजवीकडे लहान एक. पण गवत गुडघ्याएवढं माजलं होतं, दगड दिसेनात. पोरं चुकतील असं वाटलं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला केशरी रंग डब्यात उरला होता. मी दोन्ही दगडांना दोन हात मारले आणि भोवतीचं गवत कापून काढलं. लांबून दिसायला लागले. मला बरं वाटलं.

नवरात्र तोंडावर आलं होतं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया रविवारी पहाटेच सोयाबीन सोंगायला निघाल्या. त्यांना माझ्या शेताच्या कोपऱ्यावर, साफ केलेल्या जागेत, केशरी रंगाचे दोन दगड दिसले. काल नव्हते, आज होते. एकीने झेंडू वाहिला, एकीने हळदकुंकू, आणि कुठून तरी नारळही आला. त्यांच्यात एक म्हातारी होती. तिला मोठा दगड देव वाटला आणि लहान दगड देवी. बाया आल्या होत्या पलीकडून. त्यांच्या बाजूने पाहिलं तर देवी देवाच्या उजव्या हाताला बसली होती. बायको बसते नवऱ्याच्या डाव्या हाताला. म्हातारीने लहान दगड उचलून देवाच्या दुसऱ्या अंगाला नीट बसवला, पाया पडली आणि कामावर गेली.

आठ वाजता पोरं आली इकडून. त्यांनी चपला-बूट काढले, हात जोडले, खूण पाहिली. लहान दगड डावीकडे. शिकवल्याप्रमाणे डावीकडे वळली आणि डांबरी सडकेला लागली. सडकेवरच्या एस.टी.च्या शेडमध्ये दोन तास उस्तादाची वाट पाहून घरी परतली.

उस्ताद टेकडीवर अडीचपर्यंत बसला. मग उलट्या वाटेने उतरला, कोपऱ्यावर पोचला, आणि तिथून सरळ माझ्या घरी आला.

"भाऊ, रंग काहून लावला?"

"पोरांले दिसाव म्हनून."

"दगड दगडासारखा दिसाव लागते."

"मी उजवीकडेच ठेवला होता," मी म्हटलं. ते खरं होतं.

"हो," तो म्हणाला. "तुमी उजवीकडेच ठेवला असन." चहा न घेता गेला.

सोमवारी शाळेत बाईंनी त्याला बसवून सांगितलं. मी दारात होतो. "उस्ताद, पुढच्या सोमवारी अर्ज गेला पाहिजे. मुलं चालली ना? तेवढंच अंतर चालली. टेकडीकडे काय, सडकेकडे काय. सही करून टाका."

"बाई, टेकडीवर मी होतो. पोरं नव्हती."

"मुलांची चूक नाही त्यात."

"नाही ना. मी कुठं म्हनतो चूक हाय. मी म्हनतो, पोचली नाही."

बाई वाईट नव्हत्या. सात घरचे आईबाप त्यांच्या दारात बसले होते. गुरुवारी शाळा समितीची बैठक लागली. उस्तादाला काढून पथक एखाद्या मास्तराकडे द्यावं असं ठरायचं होतं. मास्तर सही करेल, अर्ज जाईल. सरळ हिशेब.

बैठकीला पन्नासेक माणसं. उस्ताद कडेला उभा, हाफपँटमध्ये, हात मागे. एका पोराचा बाप म्हणाला, "पंक्चरवाला आमच्या पोराचं वर्ष अडवते? याले अधिकार कोनं देला?" दुसरा म्हणाला, "देवाचे दगड घेऊन खेळ मांडला यानं. तेच हलवले असतीन." हे दुसरं वाक्य आलं तशी खोली गप्प झाली. उस्ताद मुसलमान आहे, हे तोवर कोणाच्या बोलण्यात आलं नव्हतं. तेव्हाही कोणी तोंडाने म्हटलं नाही.

सरपंचाने विचारलं, "उस्ताद, दगड कोनं मांडले होते?"

"खुनांची जबाबदारी माही हाय," तो म्हणाला. तेवढंच.

मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो. चार दिवस मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं. त्याने माझं नाव घेतलं असतं तर मी उठून भांडलो असतो, दगड उजवीकडे होता हे ठासून सांगितलं असतं. त्याने घेतलं नाही. त्यामुळे भांडायला काही राहिलं नाही.

उठलो. "दगड माहे. रंग माहा. बैलाच्या शिंगाचा रंग हाय तो."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एक जण हसला आणि मग पन्नास जण हसले. सरपंच म्हणाला, "आबाजी, म्हंजे देव तुमी बसवला?" मी म्हटलं, "मी खून मांडली. देव कोनं बसवला ते मले माहीत नाही."

मागून ती म्हातारी उठली. तिचा नातू सातांतला एक होता. "मी बसवला जी. लहाना दगड मीच हलवला. बायको कधी उजव्या हाताले बसते काय? तुमीच सांगा!"

सरपंचाला हसू आवरेना. मला त्या बैठकीत साधं पाणी मागायचीही लाज वाटली. पुढे महिनाभर फाट्यावर पोट्टे मला "देव बसवणारे आबाजी" म्हणत, आणि मी ऐकून घेतलं.

"मंग आता दगड काढाचे काय?" कोणीतरी विचारलं.  सगळ्यांची नजर उस्तादाकडे.

"राहू द्या," उस्ताद म्हणाला. "आजीनं जोडी लावली, कायले मोडता? पोरं रविवारी पुन्हा चालतीन. सोमवारी सही घ्या."

बाईंनी समितीकडे पाहिलं. रविवारी पोरं पोचली तर पथक उस्तादाकडे राहील, नाही तर नाही, असं ठरलं.

शनिवारी मी त्याच्या दुकानात गेलो. कोपऱ्यावर आता कोणती खूण करायची, हा प्रश्न होता. तिथे तिसरा दगड ठेवावा तर बाया त्यालाही बसवतील. गवताची गाठ मारावी तर गुरं खातील. चुन्याची रेघ काढावी तर देवापुढची रांगोळी होईल.

उस्ताद सायकलचं चाक फिरवत होता. म्हणाला, "भाऊ, तुमी उभे राहा."

"मी?"

"हात उजवीकडं. खून बोलत नसते. खून हलत नसते. पोरं काही पुसतीन, तुमी बोलाचं नाही."

मी सत्तरीचा, माझ्याच शेताच्या कोपऱ्यावर हात लांब करून उभा राहू, साऱ्या बायांसमोर. मी म्हटलं, "किती वाजल्यापासून?"

"साहापासून."

सहाला गेलो. हात लांब केला. अर्ध्या तासात खांदा भरून आला. मग काठीचा टेकू लावला. खुणेला टेकू चालतो की नाही ते मी विचारलं नव्हतं. बाया आल्या, थांबल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. म्हातारी देवाला झेंडू वाहून माझ्याकडे आली, कुंकवाची डबी उघडी. "यालेबी लावू काय व?" मी बोललो नाही. तिने लावलं नाही, पण एक झेंडू माझ्या पायाशी ठेवून गेली.

आठच्या सुमाराला पोरं आली. सातही. पुढचा पोरगा माझ्यासमोर थांबला, माझ्या हाताकडे पाहिलं, मग हाताच्या दिशेने वाटेकडे पाहिलं, मग वहीत लिहिलं. दुसरा म्हणाला, "आबाजी, पानी पाहिजे काय?" घसा कोरडा पडला होता. मी समोर पाहत राहिलो. पुढचा त्याला म्हणाला, "अबे, ती खून हाय, चाल." आणि उजवीकडे वळले. गवतातून त्यांच्या टोप्या टेकडीकडे जाताना मी पाहिल्या. हात तसाच ठेवला. पोरं गेल्यावर खाली करायचा की नाही, हेही विचारलं नव्हतं.

अकराच्या पुढे उस्ताद टेकडीवरून उतरला. पोरं मागे गाणं म्हणत होती. माझ्याजवळ आला, काठीकडे पाहिलं. पिशवीतून सात वह्या काढल्या, खिशातून पेन काढलं. मग इकडे तिकडे पाहिलं. वही टेकवायला तिथे देवाखेरीज काही नव्हतं.

"भाऊ, पाठ द्या थोडी."

मी हात खाली घेतला, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि पाठ दिली. वहीमागून वही ठेवत तो सावकाश, पूर्ण नाव लिहून सही करत होता. सात वेळा पेन पाठीला टोचलं.